आंबेसांगवीतली साक्ष

“लांडगा मेंढराचं कातडं पांघरून येतो, बरोबर? मग ते कातडं त्याला मिळतं कुठून?”

उजगरेबाईंनी आम्हा चौदा मुलांना विचारलं. रविवारची सकाळ होती. देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकून शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, भरली होती. आंबेसांगवीत चर्चला सगळे देऊळच म्हणत. नथानेल नावाचा मुलगा म्हणाला, “बाजारातून.”

बाई हसल्या नाहीत. “आधी एक मेंढरू मरतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून कातड्याकडे बघत बसायचं नाही. कळपातलं कुठलं मेंढरू दिसेनासं झालंय, ते बघायचं. आता सांगा, देवाच्या नावानं फसवणारा माणूस ओळखायचा कसा?”

“तो पैसे मागतो,” एकजण म्हणाला.

“मागेलच असं नाही. दिले तरी घेणार नाही कदाचित.”

“दारू पितो.”

“शिवणारही नाही.”

“त्याला शास्त्र येत नाही.”

“तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं येत असेल. गळाही गोड असेल.”

एकेक मान माझ्याकडे वळू लागली. माझे वडील दारूला शिवत नव्हते, कुणाकडून पैसा घेत नव्हते, अख्खी स्तोत्रं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यांचा गळा असा होता की ते गायला लागले की शेजारच्या आळीतली माणसंही कामं टाकून येत. पाच आठवड्यांपूर्वी आम्ही बापलेक या गावात आलो होतो. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

“मग ओळखायचा कसा, बाई?” हे तबिथानं विचारलं. ती माझ्या शेजारी बसली होती.

“तो तुम्हाला काय करायला सांगतो आणि स्वतःच्या घरात काय करतो, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. झाडाला फळ यायला वेळ लागतो, तोवर डोळे उघडे ठेवायचे. आणि प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारला म्हणून जो रागावतो, त्याच्यापासून दोन पावलं लांब राहायचं.”

“बाई, हिवाळे ब्रदर...” नथानेल म्हणाला आणि माझ्याकडे बघून थांबला.

“मी कुणाचंही नाव घेणार नाही,” बाई म्हणाल्या. “मी सांगितलेलं नाव तुम्ही पाठ कराल, आणि उद्या दुसरा कुणी आला की पुन्हा फसाल. ओळखायचं तुमचं तुम्ही.”

हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, हे मला कळलं, आणि मला त्यांचा फार राग आला.

माझे पप्पा, प्रभाकर हिवाळे, आधी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी सहा वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पप्पांनी नोकरी सोडली. देवाची हाक आली, असं ते सांगत. तेव्हापासून आम्ही गावोगाव फिरत होतो. एक हार्मोनियम, एक वळकटी आणि माझी पत्र्याची पेटी. ज्या गावात ख्रिस्ती लोकांची वस्ती असेल तिथं कुणीतरी एखादी खोली द्यायचं. संध्याकाळी सभा व्हायची. पप्पा गायचे, बोलायचे, मग आजारी माणसं पुढं यायची. पप्पा त्यांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायचे. तेलाची बाटली धरून त्यांच्याशेजारी उभं राहणं हे माझं काम. काही महिने झाले की पुढचं गाव. सहा वर्षांत मी नऊ शाळांमध्ये बसले. पुढं पुढं तर मी वर्गातल्या मुलींची नावं लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं.

तबिथाचं नाव मात्र राहिलं, कारण तीही एकटीच होती. तिला फिट यायच्या. बाकीच्या मुली तिच्याशी खेळायला घाबरत, आणि मी परगावची. मग देवळामागच्या बाभळीखाली आम्ही दोघीच सागरगोटे खेळायचो. ती फार बोलायची. फिट यायच्या आधी आपल्याला करपलेल्या भाकरीचा वास येतो, हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. “चुलीवर काहीच नसतं, तरी येतो. मग मी पटकन खाली बसते. म्हणजे डोकं आपटत नाही.” मिशनच्या दवाखान्यातली एक पांढरी गोळी ती रोज संध्याकाळी घेई. त्या गोळीमुळे आठ महिन्यांत तिला एकदाही फिट आली नव्हती.

तिची आई विमलमावशी. नवरा कुठंतरी परागंदा झालेला, घरात मायलेकी दोघीच. पप्पांनी तिसऱ्या आठवड्यात तबिथाच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे आठ दिवस फिट आली नाही. येणारच नव्हती, पण हा हिशेब कुणी केला नाही. पप्पा सभेत म्हणाले, “देवानं बरं केलंय, आणि तरी आपण गोळी घेतो. म्हणजे आपण देवाला काय सांगतो? तुझ्यावर भरवसा नाही, असं सांगतो.” विमलमावशी रडत घरी गेल्या आणि गोळ्यांची बाटली त्यांनी चुलीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून तशी साक्ष दिली. टाळ्या वाजल्या. मी तेलाची बाटली धरून उभी होते आणि मलाही आनंद झाला होता, कारण आता तबिथाशी सगळ्या मुली खेळतील असं मला वाटलं.

त्या रविवारी शब्बाथ शाळेतून मी तडक खोलीवर आले. पप्पा हार्मोनियमचा भाता काढून त्याला कापडाची पट्टी चिकटवत होते. बाई काय म्हणाल्या ते मी सगळं सांगितलं.

“माझं नाव घेतलं?”

“नाही.”

“हुशार आहे बाई.” त्यांनी पट्टीवर अंगठा दाबून धरला. “आणि तुला काय वाटलं?”

“त्या खोटं बोलतात.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खळीचा वास येत होता.

संध्याकाळच्या सभेत त्यांनीही कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की लेकरांचं मन नांगरलेल्या वावरासारखं असतं, त्यात कुणी शंका पेरत असेल तर आईबापांनी जपलं पाहिजे. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. उजगरेबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी या गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं होतं. समोर बसलेल्या अर्ध्या आईबापांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती. पण पाळकसाहेब महिन्यातून एकदा तालुक्याहून येत, आणि बाई पडल्या बिनलग्नाच्या, एकट्या. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहिलं नाही.

पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेला एकही मूल आलं नाही.

आमच्या खोलीच्या खिडकीतून देवळाचा ओटा दिसायचा. बाईंनी सतरंजी झटकून पसरली. हजेरीची वही आणि चष्म्याचं घर शेजारी ठेवलं. रस्त्याकडे बघत त्या बसून राहिल्या. मग वेळ झाली तशी त्यांनी एकटीनंच गीत म्हटलं, सगळी कडवी, बारीक आवाजात. प्रार्थना केली. पुन्हा रस्त्याकडे बघितलं. तासभर झाल्यावर उठून सतरंजीची घडी घातली. घडी मोठी, चार हातांची. त्यांना एकटीला ती नीट घालता येईना. मी जाऊन दुसरं टोक धरावं असं मला फार वाटलं. मी गेले नाही.

मंगळवारी दुपारी सागरगोटे खेळता खेळता तबिथा थांबली.

“तुमच्यात कुणाची भाकरी करपलीय का गं?”

आमच्या खोलीत तेव्हा चूल पेटलेली नव्हती. आजूबाजूलाही धूर नव्हता. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती जमिनीवर पसरून बसली, हात मांडीखाली घेतले, डोळे मिटले. काही झालं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, “आईला सांगू नको. ती म्हणेल माझा विश्वास कमी पडला.”

मी तिच्या आईला सांगितलं नाही. पप्पांना सांगितलं.

“पप्पा, तबिथाला पुन्हा वास यायला लागलाय. तिला गोळी द्यायला सांगू या का?”

ते वाचत होते. त्यांनी मान वर केली. “हे विचारायला कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही.”

“त्या बाईनं शिकवलं.”

“पप्पा, जालन्याला मी आजारी होते तेव्हा...”

“जालन्याचं नाव काढायचं नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला. तो आवाज मी सभेतही कधी ऐकला नव्हता. “ते आपल्या दोघांतलं आहे. कळलं?”

मी मान हलवली. मागं भिंत पाठीला लागली तेव्हा मला कळलं की मी मागं सरकले होते.

गुरुवारी अकराच्या सुमाराला अंगण झाडताना तबिथा पडली. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तिला आतल्या खोलीत घोंगडीवर निजवलं होतं. झटका यायचा, शरीर ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा, मग ती सैल पडायची, आणि डोळे उघडायच्या आत पुन्हा झटका. बायका गात होत्या. पप्पा तिच्या उशाशी गुडघे टेकून बसले होते, त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढं केला. मी तेलाची बाटली दिली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. उजगरेबाई दूध गोळा करणारा टेम्पो घेऊन आल्या होत्या. दारात दोन-तीन पुरुष उभे होते, त्यातल्या एकानं चौकटीवर हात आडवा धरला.

“बाई, आत शंका घेऊन येऊ नका.”

“शंका बाहेर ठेवते,” बाई म्हणाल्या. “मला आत नका येऊ देऊ. पोरीला बाहेर आणा. गाडी उभी आहे, तासाभरात दवाखाना गाठू.”

“बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंय म्हणून बोलत नाही...”

“एलिया, हात काढ.”

त्यानं हात काढला नाही.

गाणं थांबलं होतं. विमलमावशी तबिथाचे पाय धरून बसल्या होत्या. त्यांनी पप्पांना विचारलं, “ब्रदर, नेऊ का हिला?”

पप्पांचे डोळे मिटलेले होते. “आता लढाई चालू आहे, मावशी. आता तुम्ही मागं वळलात तर पुढचं मी सांगू शकत नाही. तुमचा विश्वास आहे ना?”

“आहे.”

“मग धरून राहा.”

तबिथाचा चेहरा निळसर दिसायला लागला होता. पुढचं मी ठरवून बोलले असं म्हणता येणार नाही. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

“पप्पा, मला तुम्ही दवाखान्यात नेलं होतं.”

कुणाला काही कळलं नाही. पप्पांनी डोळे उघडले.

“गेल्या दिवाळीत जालन्याला मला ताप आला होता,” मी विमलमावशींना म्हणाले, कारण पप्पांकडे बघून मला बोलता येत नव्हतं. “तिसऱ्या दिवशी पप्पांनी मला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, सुया दिल्या. पप्पा चार दिवस खाटेशेजारी बसून होते. घरी आल्यावर गोळ्या दिल्या मला, वेळेवर. त्यांच्या हातानं.”

विमलमावशी हळूच म्हणाल्या, “खरं का, ब्रदर?”

“नाही” असं ते सहज म्हणू शकले असते. पोर तापात बरळली, पोरीला बाईनं फितवलं, काहीही म्हणता आलं असतं, आणि त्या घरातल्या सगळ्या माणसांनी ते मानलं असतं. पप्पा तबिथाकडे बघत राहिले.

“ती एकटीच आहे मला,” ते म्हणाले. “तिला काही झालं असतं तर मला दुसरं कुणी नव्हतं.”

“मग मला कोण आहे?” विमलमावशी म्हणाल्या.

त्यांनी तबिथाला घोंगडीसकट उचललं. चौकटीवरचा हात निघाला. टेम्पोत दुधाचे कॅन होते, ड्रायव्हरनं ते खाली उतरवून रस्त्यावरच ठेवले. बाई आणि विमलमावशी मागं बसल्या. बाईंनी जाताना माझ्याकडे बघितलं.

पुढं काय काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसऱ्या दिवसाबद्दल सांगायचं आहे.

तबिथा वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. परत आली तेव्हा तिचं बोलणं सावकाश झालं होतं आणि उजव्या हातातून वस्तू निसटायच्या. सागरगोटे तिला पुन्हा जमले नाहीत. पण ती आहे. तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला मदत करते, आणि अजूनही फार बोलते, फक्त तिचं ऐकायला वेळ काढावा लागतो.

माझ्याशी गाव वाईट वागलं नाही. कुणी टाकून बोललं नाही. पण ज्या पोरीनं भरल्या घरात बापाला खाली पाहायला लावलं, तिच्याशी काय बोलायचं हे त्यांना कळत नसावं. मी गेले की बोलणी थांबायची. विमलमावशी मला जेवायला वाढत, पोटभर वाढत, पण माझ्या तोंडाकडे बघत नसत. मला बघितलं की त्यांना चुलीत ओतलेल्या गोळ्या आठवत असतील. मुलं शब्बाथ शाळेला परत यायला पावसाळा उजाडला. तोवर रविवारी बाईंसमोर मी एकटीच बसायची. बाई मला पूर्ण धडा शिकवायच्या, चौदा मुलांना शिकवावा तसाच, हजेरी घेऊन.

मी त्यांच्याकडेच वाढले. पुढं नर्सिंग केलं, आणि रविवारी शब्बाथ शाळाही घेते. खोट्या शिक्षकांचा धडा वर्षातून एकदा येतोच. मुलं विचारतात, ते लोक मुद्दाम फसवतात का? मी सांगते की काही मुद्दाम फसवतात. बाकीच्यांबद्दल सांगायला लागले की माझं बोलणं लांबतं, मुलं चुळबुळ करतात, आणि मी पुढच्या धड्याकडे वळते.

तर तो दुसरा दिवस, शुक्रवार. पप्पांनी सकाळीच वळकटी बांधली. मीही माझी पेटी भरली. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. रागावलेही नव्हते, रात्री त्यांनी भात केला आणि मला वाढला. गावातून कुणी निरोप द्यायला आलं नाही. हार्मोनियम त्यांनी खांद्यावर घेतलं आणि आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. दोन मैलांचा रस्ता. ऊन चढायचं होतं.

फाट्यावर एक लिंबाचं झाड होतं. तिथं सामान ठेवून ते बसले. मी पेटी हातात धरून उभीच राहिले.

“तुझ्या आईला छातीचं दुखणं होतं,” ते म्हणाले. “एक वर्ष औषध घ्यायला सांगितलं होतं. मला कुणीतरी सांगितलं की नुसत्या प्रार्थनेनं बरं होतं. पाचव्या महिन्यात मी औषध बंद केलं. ती नको म्हणत होती.”

मला हे माहीत नव्हतं. आईबद्दल ते कधी बोलतच नसत.

“म्हणून जालन्याला माझा धीर झाला नाही.”

“मग तबिथाला दवाखान्यात न्यायला का नाही म्हणालात?” मी विचारलं.

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

“एक जरी पोर नुसत्या प्रार्थनेनं उठून बसलं असतं ना, दीना, तर तुझ्या आईला मी मारलं नाही असं मला म्हणता आलं असतं. सहा वर्षं मी ते एक पोर शोधतोय.”

मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं. मी पेटीची कडी या हातातून त्या हातात घेतली.

“बाई चांगली आहे,” ते म्हणाले. “तिच्याकडे शाळा होईल तुझी.”

“मी तुमच्याबरोबर येतेय.”

“पुढच्या गावात मी बोलायला उभा राहिलो की तू शेजारी असशील.”

“मी काही बोलणार नाही, पप्पा. कुणालाच काही सांगणार नाही.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “तू गप्प राहशील. तेच नको.”

एस.टी. आली. धूळ खाली बसायच्या आत त्यांनी हार्मोनियम आत चढवलं, मग वळकटी. कंडक्टर दारात उभा होता. त्यानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे, माझ्या हातातल्या पेटीकडे.

“किती जण?” त्यानं विचारलं.

पप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते बराच वेळ बघत होते, इतका की आतून कुणीतरी चला चला म्हणालं. मला वाटलं, आता ते हात पुढं करतील आणि पेटी वर घेतील. मी ती थोडी उचललीही.

“एकच,” ते म्हणाले.

कंडक्टरनं दार लावलं आणि घंटीची दोरी ओढली.